वैमानिकेची झडप आणि माझी

१ फेब्रुवारी, शनिवार

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा, हे चित्र मी नोकरीला लागल्यापासून फळ्यावर रंगीत खडूने काढत आले आहे. काल हृदयाच्या डॉक्टरांनी तेच चित्र बॉलपेनने कागदाच्या कपट्यावर काढलं आणि मला ते ओळखू येईना. त्यांनी एका ठिकाणी दोन-तीनदा पेन गिरवलं. म्हणाले, ही तुमची झडप. महाधमनीच्या तोंडाशी असते ती. गंजलेल्या दारासारखी झाली आहे, पुरती उघडतच नाही. जिना चढताना लागणारा दम आणि गेल्या महिन्यात वर्गात आलेली भोवळ, दोन्ही तिचीच. बदलावी लागेल. छाती उघडायची, रक्त यंत्रातून फिरवायचं, आणि तेवढा वेळ हृदय थांबवायचं.

"थांबवायचं म्हणजे?" मी विचारलं. जीवशास्त्राच्या शिक्षिकेने हे विचारावं याचं त्यांना नवल वाटलं असणार.

"थांबवायचं म्हणजे थांबवायचं. मग परत सुरू होतं."

"कोण सुरू करतं?"

"बहुतेक वेळा तेच होतं."

हे 'बहुतेक वेळा' मी घरी घेऊन आले. विचार करून कळवते म्हटलं. ते म्हणाले, करा, पण फार लांबवू नका. अशी झडप घेऊन माणूस वर्ष काढतो, फार तर दोन. तारीख मी धरून ठेवतो.

बसमध्येच ह्यांना सगळं सांगितलं आणि शाळेत कुणाजवळ बोलायचं नाही असं वचन घेतलं. शाळेत कळलं की मी बरणीतला नमुना होणार, सगळे लांबून काळजीने बघणार. हे म्हणाले, "मी कशाला बोलू?" ह्यांच्या पोटात गोष्ट राहते, म्हणून निर्धास्त आहे.

आज शनिवार, म्हणजे शाळा सुटल्यावर माझ्या प्रयोगशाळेत पुस्तकमंडळ. मंडळ म्हणजे आम्ही तिघं. भौतिकशास्त्राचे सर शिकवताना फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतात, म्हणून मुलं त्यांना लंबक म्हणतात. रसायनाची बाई माझ्याहून बरीच लहान, जरा काही झालं की तिचा चेहरा लाल होतो, म्हणून ती लिटमस. मी बेडूकबाई, त्याचं कारण सांगायला नको. ही नावं आम्हाला माहीत आहेत हे मुलांना माहीत नाही, आणि आता ती आमच्याही तोंडात बसली आहेत.

मंडळाचा नियम एकच. पुस्तकात विज्ञानाचं काही आलं की ते तपासल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही. ज्याला जे वाटतं ते त्याने आधी फळ्यावर लिहायचं, मग पडताळा. त्यामुळे एक कादंबरी आम्हाला वर्षभर पुरते आणि मुख्याध्यापकांना वाटतं आम्ही प्रश्नपत्रिका काढतो.

सध्याची कादंबरी अंतराळातली. पृथ्वीपासून फार लांब गेलेलं यान, आत पाच माणसं, आणि त्यांतला कुणीतरी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं बदलतो आहे. यानावरची डॉक्टरीण मुळात डोळ्यांची. लिटमसचा संशय पहिल्या पानापासून यंत्रवाल्यावर आहे, कारण तो फार नम्र बोलतो. आज वाचायची पाळी माझी होती. वैमानिकबाई एका नळीला धरून मध्येच थांबते. तिला धाप लागलेली. जिथे वजनच नाही तिथे धाप. डॉक्टरीण तिच्या छातीला कान लावते आणि म्हणते, झडप.

मी वाचत राहिले. माझा आवाज बदलला नाही, याकडे माझं नीट लक्ष होतं. पान उलटलं आणि म्हटलं, घसा बसलाय, लिटमस, तू वाच.

त्याच प्रकरणात एक वाक्य होतं: इतके महिने वजनाशिवाय राहून वैमानिकेचं हृदय चेंडूसारखं गोल झालं होतं. मी फळ्यावर लिहिलं, अशक्य. लंबकसरांनी खाली लिहिलं, शक्य.

५ फेब्रुवारी, बुधवार

हरले. शाळेच्या ग्रंथालयात जुनी विज्ञान मासिकं चाळली. अंतराळात राहून आलेल्यांची हृदयं तपासली आहेत, आणि ती खरंच जास्त गोल झालेली आढळली. काम कमी पडतं म्हणून थोडी बारीकही होतात. परत आल्यावर हळूहळू पूर्वीसारखी.

मासिक तसंच मांडीवर ठेवून बसले. म्हणजे मी इतकी वर्षं मुलांकडून जो आकार घोटून घेतला, तो नुसता हृदयाचा नाही. त्यात जमिनीच्या ओढीचाही वाटा आहे. खालून सतत कुणीतरी ओढतंय, आणि त्याला ताणून धरत, झेलत, पोटात जीव आल्यापासून हे चाललं आहे. मला कधी जाणवलं नाही. कुणाला जाणवतं?

वेळापत्रक बदललं आहे. माझे वरच्या मजल्यावरचे सगळे तास खाली आले. पर्यवेक्षक म्हणाले, लंबकसरांनी वरचे वर्ग मागून घेतले, त्यांना गुडघ्यांना व्यायाम हवा आहे. या माणसाचं काही सांगता येत नाही. पण माझं आयतं काम झालं.

डॉक्टरांनी चालायला मला सांगितलं आणि चालायला लागलेत हे. रोज संध्याकाळी फोन घेऊन बाहेर पडतात, चांगला तासभर.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजच्या प्रकरणात डॉक्टरीण वैमानिकेच्या दंडाला सुई लावते. लेखक म्हणतो, रक्त ओघळलं नाही, त्वचेवर घुमटासारखं बसून राहिलं. लिटमसने विचारलं, असं होईल? लंबकसर म्हणाले, यान नसलं तरी आपल्याकडे जिना आहे.

त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ भोक पाडलं, त्यावर बोट दाबून पाणी भरलं आणि वरच्या मजल्याच्या कठड्याशी गेले. खाली व्यायामाची गादी टाकली होती. गादीपासून जरा लांब माझ्यासाठी खुर्ची. मी म्हटलं मला कशाला, तर सर वरून म्हणाले, निरीक्षकाने बसूनच निरीक्षण करायचं असतं. हा नियम मी पहिल्यांदा ऐकला.

सरांनी बोट काढलं. भोकातून धार लागली, जिन्याच्या पोकळीतून चकाकत खाली आली. मग त्यांनी बाटली सोडली.

धार थांबली. बाटली पडत असताना भोक उघडं होतं, आत पाणी होतं, आणि एक थेंब बाहेर येत नव्हता. डोळ्याचं पातं लवतं तेवढंच. मग बाटली गादीवर आपटली आणि शिपाईमामा नखशिखांत भिजले.

"वरचं पाणी खाली आणायला तीन शिक्षक लागतात," मामा चष्मा पुसत म्हणाले.

आम्ही ते पुन्हा केलं. मग पुन्हा. मामा लांब उभे राहिले, पण गेले नाहीत. शेवटच्या खेपेला तेच म्हणाले, "आता जरा नीट दाखवा, मघाशी माझी नजर हलली." लंबकसर खाली आले तेव्हा धापत होते आणि चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता. म्हणाले, पाणी बाटलीसकट पडतंय. मग त्याला बाटलीतून पडायला कारणच उरत नाही. समीकरणापुरतं हे मीही शिकले होते. बघताना मात्र अंगावर काटा आला. जगाचा सगळ्यात जुना नियम क्षणभर बाजूला झाला आणि आपल्याला आत डोकावू दिलं, असं वाटलं.

नंतर चर्चा बिघडली. पुढची प्रकरणं शस्त्रक्रियेच्या तयारीची. मी एकेक चूक काढत गेले: डोळ्यांची डॉक्टरीण हे करूच शकत नाही, इतकं रक्त यानात आणणार कुठून, उपकरणं उकळणार कशात. ज्याच्या-त्याच्यावर काट मारली. लिटमस ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही चुका काढताय की वैमानिकेला मारताय?"

मी म्हटलं, "मरेल ती. आणि तिला कुणी विचारलंही नाही. सगळे आपले कामाला लागलेत. डॉक्टरीण, यंत्रवाला, लेखक, तुम्ही दोघं. तिला नको असेल तर?"

कादंबरीवरून एवढं चिडायला नको होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माशांच्या टाकीचा पंप दुरुस्तीला नेला आहे, असं हे म्हणाले. मला तर तो कालपर्यंत ठणठणीत चालताना दिसत होता. सध्या लहान जुना लावला आहे, तो घरघरतो.

सातवीला आज सजीवांची लक्षणं शिकवली. फळ्यावर दोन रकाने, सजीव आणि निर्जीव. शिकवताना मनगटावर दोन बोटं आपोआप जातात, हल्ली ही सवयच झाली आहे. रकाने आखले आणि मनात आलं, त्या तासाभरात मला कुठल्या रकान्यात घालतील? श्वास नाही, ठोका नाही, हालचाल नाही, कुणी हाक मारली तर ओ नाही. परीक्षेत एखाद्या मुलाने अशा वस्तूला सजीव म्हटलं, तर मी गुण दिले असते का?

मरणाची भीती वाटते असं म्हणायला सोपं आहे. मला भीती वाटते ती त्याच्या थांबण्याची. ते थांबलंय आणि अजून सुरू झालं नाही, त्या मधल्या जागेची. तिथे मी कुठे असेन, हे कुठल्या धड्यात नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस.

प्रयोगशाळेत गेले तर टेबलभर रबरी नळ्या. लंबकसरांनी आठवडाभर खपून हृदय-फुप्फुसाच्या यंत्राची प्रतिकृती केलेली. लाल रंगाचं पाणी, एक फुगा म्हणजे हृदय, वरच्या बाजूला काचेचा चंबू म्हणजे मेंदू, दोन चिमटे, आणि एक पंप. पंपाला हिरवी चिकटपट्टी होती. आमच्या टाकीच्या पंपालाही तशीच आहे. दुकानात एकाच रंगाची मिळत असणार.

सर फेऱ्या न मारता बोलत होते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. फुग्याच्या दोन्ही बाजूंना चिमटे लावले. फुगा मऊ पडला. पंप सुरू केला. लाल पाणी फुग्याला वळसा घालून चंबूत जाऊ लागलं. "बघा बाई," ते म्हणाले. "हृदय रजेवर, पण शाळा चालू. बदली शिक्षक आहे. कुणाला काही अडत नाही."

ते इतकं छान चाललं होतं. मी खरंच वाकून बघत होते. आणि मला बुडबुडा दिसला.

मुगाच्या दाण्याएवढा. नळीच्या सांध्यातून कुठूनतरी आत शिरला असणार. पाण्याबरोबर मजेत निघाला होता, वळणावर जरा अडखळला, सुटला, आणि टपकन चंबूत गेला. मग दुसरा. सर पंपाच्या वेगाबद्दल सांगत होते. त्यांना तो दिसत होता. भौतिकशास्त्रवाल्याला बुडबुडा म्हणजे काय, चार थेंब हवा. मला ठाऊक आहे की रक्तातून मेंदूत हवा गेली की माणसाचं काय होतं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही तिला आत्ताच मारलंत."

लिटमसने चंबूकडे पाहिलं, आणि ती जी लाल झाली ती होतच राहिली. सरांनी घाईने पंप बंद केला, तशी एक नळी सुटली आणि टेबलावर लाल पाणी पसरलं. मी पर्स उचलून निघून आले. एका कादंबरीसाठी एवढी खटपट करणाऱ्या माणसाला मी धन्यवादही म्हटलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सांगितलं, मी शस्त्रक्रिया करून घेणार नाही. जे काही वर्ष-दोन वर्षं आहे ते चालत्या हृदयाने काढीन.

हे वाद घालतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. हे उठले आणि धुतलेले कप परत धुवायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "तू म्हणशील तसं." मग फिरायला गेले. फोन घरी विसरले होते, तो घ्यायला परत आले आणि पुन्हा गेले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात फोन करून नको म्हणून कळवलं. पलीकडची बाई म्हणाली, डॉक्टर सोमवारपर्यंत तारीख धरून ठेवतील, तोवर विचार बदलला तर सांगा. म्हटलं बदलणार नाही. फोन ठेवला तेव्हा सुटल्यासारखं वाटेल असं धरून चालले होते. तसं काही वाटलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जाणार नव्हते, पण प्रयोगशाळा माझी आणि किल्ली माझ्याकडे.

लंबकसर दारातच म्हणाले, "बुडबुड्याचं माझं चुकलं. खऱ्या यंत्रात त्यांना अडवायला गाळणी असते, सापळा असतो, शिवाय एक माणूस पूर्ण वेळ तेवढ्यावरच डोळा ठेवून बसतो. मी विचारून आलो."

"कुणाला?"

"आहेत ओळखीचे."

त्यांच्या ओळखी कुठे कुठे असतात कोण जाणे.

राहिलेलं वाक्य तपासायचं होतं. कादंबरीत डॉक्टरीण वैमानिकेचं हृदय थांबवते, आणि लेखक म्हणतो, ते पुन्हा आपणहून सुरू झालं. लिटमसने आधी रसायन सांगितलं. टिपणं काढून आणली होती, वर्गातसुद्धा ती इतकी तयारी करत नाही. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर कमी. या फरकावर ठोक्याची वीज चालते. बाहेरही पोटॅशियमचं गार पाणी सोडलं की फरक मिटतो आणि पेशी गप्प बसते. मरत नाही, गप्प बसते. ते पाणी धुऊन काढलं, ऊब दिली, की फरक परत येतो. "म्हणजे ताई, बंद करणारे आपण असतो. सुरू करणारं कुणी लागत नाही."

"हे फळ्यावर झालं," मी म्हटलं. "दाखवा."

"ते तुमच्या विषयात आहे," लंबकसर म्हणाले. "तुम्ही दाखवा."

नियमाप्रमाणे फळ्यावर लिहिलं. त्या दोघांनी: सुरू होतं. मी: नाही.

नववीच्या प्रयोगासाठी डबक्याचं पाणी आणून ठेवलेलंच होतं. त्यात पाणपिसवा असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान, काचेसारख्या आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पाठीशी तिचं हृदय उडताना दिसतं. मुलांना मी तापमान बदलून ठोके मोजायला लावते. ठोके इतके भराभर पडतात की आकडे तोंडात मावत नाहीत, म्हणून एकाने बघत बोट आपटायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक आपटीला कागदावर ठिपका द्यायचा. डोळा माझा, पेन्सिल लंबकसरांची. लिटमस काचपट्टीभोवती बर्फाचं पाणी सोडत होती.

सुरुवातीला माझं बोट थरथरल्यासारखं चाललं होतं. मग गारवा पोचला. ठोके सुटे सुटे पडू लागले. प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट दिसू लागला: आवळणं, सैल पडणं. वर्गात आम्ही इथेच थांबतो, मुलांना उतार मिळाला की पुरे. आज मी थांबा म्हटलं नाही. एक ठोका. बराच वेळ काही नाही. एक अर्धवट आवळणं. मग काहीच नाही.

बोट टेबलाच्या वर राहिलं. सरांची पेन्सिल कागदाच्या वर राहिली. पिसू तिथेच होती, आरपार, तिचा एकुलता काळा डोळा माझ्याकडे, पाठीच्या पिशवीत दोन अंडी. काही बदललं नव्हतं. तिच्यातलं काही कुठे गेल्यासारखं दिसत नव्हतं. मी इतके दिवस ज्या जागेला घाबरत होते ती माझ्या डोळ्यासमोर होती, आणि ती शांत होती. नुसती शांत.

लिटमसने न विचारता गार पाणी टिपून घेतलं आणि कोमट थेंब सोडला. मी काही केलं नाही. कुणीच काही केलं नाही. कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता.

पाठीशी एक कड हलली. पुन्हा. आणि मग आवळलं, पुरतं, स्वच्छ, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मी बोट आपटायला विसरले. सरांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं, त्यांनी ठिपका दिला. मग दुसरा. मग पेन्सिल पावसासारखी वाजू लागली.

डोळा वर केला तर लिटमस सूक्ष्मदर्शकाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. पाणपिसूसाठी रडणारी रसायनवाली मी पहिल्यांदा पाहिली.

फळ्यावरचं माझं 'नाही' मीच पुसलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ह्यांना म्हटलं, उद्या फोन करते, तारीख घेते. "बरं," हे म्हणाले, आणि कितीतरी वेळ माशांकडे बघत बसले. पंप दुरुस्त होऊन आला आहे. सांधे एकदम घट्ट केले आहेत, एक बुडबुडा गळत नाही. कुणाकडून करून घेतला विचारलं तर म्हणाले, असाच एक कारागीर आहे, फेऱ्या फार मारतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दोघांना मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं. मनाची मोठी तयारी करून गेले होते. एवढे दिवस जवळच्या माणसांपासून लपवून ठेवल्याचं वाईट वाटत होतं.

लिटमस म्हणाली, "केवढं लपवलंत, ताई." पण लाल काही झाली नाही. इतकी मोठी बातमी आणि रंग तोच. धक्क्याने असं होत असावं. लंबकसरांनी मान हलवली, खिशातून कागद काढला आणि माझे तास कोण कधी घेणार ते वाचून दाखवलं, परीक्षेपर्यंतचं सगळं. ऐकल्या ऐकल्या एवढी आखणी. शिस्तीचा माणूस म्हणतात तो हा.

कादंबरी मात्र तिथेच थांबवली आहे. लिटमस म्हणते, यंत्रवाला कुठे पळून जातोय, त्याला धरू तुम्ही आल्यावर.

४ मार्च, मंगळवार

दवाखाना. उद्या सकाळी.

भूल देणाऱ्या बाईंनी हलणारे दात आहेत का विचारलं. एकाने छातीवर निळ्या शाईने रेघ काढली. इतकी सरळ रेघ मला फळ्यावर कधी आली नाही. हे माझ्या चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन बसले आहेत. खाली ठेवा म्हटलं तरी ठेवत नाहीत.

नर्सकडे तिची छाती तपासायची नळी मागितली आणि स्वतःच्या छातीला लावली. लब-डब असं मी शिकवते. माझं तसं नाही. मध्ये एक खरखर आहे, कुणी जड टेबल सरकवल्यासारखी. ती माझी झडप. जन्मभर न थांबता उघडमीट करत आली, झोपेतसुद्धा, मी तिच्याकडे कधी लक्ष न देता. उद्या ती नसेल. बराच वेळ ऐकत राहिले.

भीती आहे. पण आता ती एका ओळखीच्या जागेची आहे.

११ मार्च, मंगळवार

अक्षर असंच येईल. बसून लिहिता येतं, हसता येत नाही, खोकताना उशी छातीशी धरावी लागते.

आज शस्त्रक्रियेचे डॉक्टर फेरीला आले तेव्हा धरलंच त्यांना. म्हटलं, माझी तक्रार आहे. आयुष्यभर हृदय शिकवलं आणि माझंच हृदय तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, एक मी सोडून. तेव्हा कसं होतं ते सांगा.

ते खाटेच्या कडेला टेकले. म्हणाले, चांगलं होतं. घाबरायचं कारण नसलेलं हृदय. थांबवल्यावर मऊ पडतं, थोडं सपाट होतं. झडप बसवली, शिवलं, चिमटा काढला, ऊबदार रक्त आत जाऊ दिलं.

"मग?"

"मग आम्ही वाट बघतो."

"किती वेळ?"

"तुमच्या वेळेला फार नाही. पण तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नाही. नवीन असोत की माझ्यासारखे केस पिकलेले. कुणी सांगत नाही गप्प बसा म्हणून. हात वर धरून सगळे उभे." त्यांनी हात वर धरून दाखवले. "आणि ते सुरू होतं. रोज बघतो मी. अजून सवय झालेली नाही."

"आपणहून?"

"तुमचं आपणहून. विजेचा धक्का तयार ठेवलेला होता, लागला नाही."

ते गेले. मी दोन बोटं मनगटावर ठेवून पडून राहिले. त्या वेळात मी नव्हते. माझी इच्छा नव्हती, भीती नव्हती, दिलेला होकार मागे राहिला होता. डॉक्टरांचेही हात वर होते. आणि तरी ते झालं. मी ते केलं नाही, त्यांनी केलं नाही. मूठभर मांसाला आपलं काम आठवलं. याच्यापुढे मला शिकवता येण्यासारखं काही आहे असं वाटत नाही, आणि त्याचा आनंद होतोय.

१२ मार्च, बुधवार

शेजारच्या खाटेवर काल एक बाई आल्या. बसवर कंडक्टर होत्या, आता निवृत्त. आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. आल्यापासून दवाखान्यातल्या सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका करत होत्या. उद्या त्यांची शस्त्रक्रिया आहे. आज दुपारी जेवण झाल्यावर गप्पच झाल्या. मुलगी औषधं आणायला खाली गेली तेव्हा भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही मास्तरीण ना. एक विचारू? खरंच थांबवतात?"

मी खोटं बोलणार नव्हते. "थांबवतात," म्हटलं.

"अगदी?"

"अगदी."

पोटॅशियम माझ्या ओठांवर आलं होतं. पाणपिसू आली, जिन्यातली बाटलीही आली. सगळे धडे रांगेत उभे राहिले. मग मी ते राहू दिले. दोन खाटांमध्ये हात पोचेल एवढंच अंतर आहे. मी उजवा हात पुढे केला, मनगट वर करून.

"हे थांबलं होतं," मी म्हटलं. "गेल्या बुधवारी. बघा."

त्यांना आधी नाडी सापडेना. बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. मग सापडली. तिकिटं मोजावीत तसे त्यांचे ओठ हलू लागले, जरा वेळाने मोजायचंही थांबलं. "चालू आहे की हो," त्या म्हणाल्या, मला नाही, स्वतःलाच.

त्यांची मुलगी येऊन गेली. नर्स येऊन गेली. आता त्यांना डोळा लागला आहे. हे मी डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा अजून त्यांच्याकडे आहे.